दुकान गावातलं, चेहरा गावातला : कमी खर्चातल्या व्हिडिओ जाहिरातींचा आढावा

बेलापूरच्या पेठेत कापड, भांडी, किराणा, खतं-बियाणं यांचा धंदा करणाऱ्या दुकानदाराला आता दर सणाच्या तोंडावर एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "शेठ, यंदा एक रील करून टाकायची का?" विचारणारा बहुधा गावातलाच पोरगा असतो. हातात बऱ्यापैकी मोबाइल, खिशात कॉलर माइक, आणि लग्नाच्या शूटिंगमध्ये कमावलेला अनुभव. शेठचे उलट प्रश्न दोनच असतात : खर्च किती, आणि गिऱ्हाईक किती येईल? पहिल्याचं उत्तर लगेच मिळतं. दुसऱ्यावर दोघंही गप्प होतात.

या दुसऱ्या प्रश्नासाठीच हा आढावा. प्रवरेकाठच्या बेलापूरसारख्या, श्रीरामपूरची मोठी बाजारपेठ शेजारी असलेल्या गावात, दहा-पंधरा हजारांच्या आत चांगली जाहिरात होऊ शकते का? होऊ शकते, असं माझं ठाम मत आहे. मात्र ती मोठ्या कंपनीच्या जाहिरातीची स्वस्त नक्कल असता कामा नये. गावातल्या दुकानदाराकडे कोट्यवधींच्या ब्रँडकडे नसलेली एक गोष्ट आधीपासून असते : लोक त्याला ओळखतात. ती ओळख पडद्यावर आणणं, हेच या कामाचं खरं कौशल्य.

दवंडीपासून केबलच्या पट्टीपर्यंत

कमी पैशांत लोकांना खेचून आणण्याची कला महाराष्ट्राला नवी नाही. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढण्याआधी वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्यानं टिपून एक छोटी फिल्म केली आणि ती दाखवून भांडवल उभं केलं. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये चित्रपट लागला. पुढे सुरतेत प्रेक्षक फिरकेनात. तासन्‌तास चालणाऱ्या नाटकाची सवय असलेल्या लोकांना हा खेळ तोकडा वाटत होता. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात बदलली : सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, दर फक्त तीन आणे. गर्दी झाली. यात खोटं काहीच नव्हतं. त्याच वस्तूचं मोल गिऱ्हाइकाला समजेल अशा मापात सांगितलं, एवढंच. आजच्या रील करणाऱ्या पोरानं गिरवावा असा हा पहिला धडा आहे.

त्यानंतर गावोगावच्या दुकानदारानं जे साधन परवडलं ते वापरलं. दवंडी, जत्रेतल्या तंबूत मध्यंतराला दाखवली जाणारी काचेची स्लाइड, एसटी स्टँडजवळची रंगवलेली भिंत, वर्तमानपत्रात घालून वाटलेली हँडबिलं, भोंगा लावून फिरवलेली रिक्षा. विविध भारतीवर 1967 पासून आणि दूरदर्शनवर 1976 पासून व्यापारी जाहिराती सुरू झाल्या; पण तो दर गावच्या दुकानाच्या आवाक्याबाहेरचा. तिथं पोचले ते विको, निरमा यांच्यासारखे उद्योग. विकोची सुरुवातही केशव विष्णू पेंढरकर यांनी 1952 मध्ये परळला अगदी छोट्या जागेतून आणि दारोदार विक्रीतून केली होती. पुढे तिचं गाणं चित्रपटगृहात आणि टीव्हीवर इतकं वाजलं की पाठ नसलेलं घर विरळा. तिथं कामी आलं ते सातत्य. एकच गोष्ट, एकाच सुरात, वर्षानुवर्षं.

गावच्या दुकानाला व्हिडिओ पहिल्यांदा परवडला तो नव्वदच्या दशकात, केबलवाल्यामुळे. तालुक्याच्या केबलवर दुपारी जुना सिनेमा लागायचा आणि खालून पट्टी सरकायची : अमुक साडी सेंटर, लग्नाचा बस्ता एकाच छताखाली. अधूनमधून लग्नाच्या कॅमेऱ्यानं काढलेली, मुंबईच्या निवेदकाची ढब उसनी घेतलेली जाहिरातही लागे. ती बघणारा प्रत्येक जण त्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर राहत होता, हे तिचं मोठं बळ. पुढं डिजिटल सेट-टॉप बॉक्स आले, घरोघरी शेकडो वाहिन्या झाल्या आणि स्थानिक केबलचं हे महत्त्व ओसरलं.

मोबाइलनं काय बदललं

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. 2018 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपचं व्यवसायासाठीचं वेगळं अ‍ॅप आलं. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि काही आठवड्यांतच इन्स्टाग्रामनं भारतात रील सुरू केली. या चार वर्षांत खेड्यातल्या मुलांनी अभिनय, संकलन, उभ्या चौकटीतलं चित्रीकरण हे सगळं करत करत शिकून घेतलं. 'गावाकडच्या गोष्टी'सारख्या मराठी वेब मालिकेनं गावातली माणसं, गावातलीच भाषा आणि खरी घरं-शेतं प्रेक्षकाला आवडतात हे सिद्ध केलं.

आपल्या जिल्ह्यात याचं आणखी जुनं उदाहरण आहे. नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला तो नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनशास्त्र शिकताना. त्या विद्यार्थी-लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. साधनं तुटपुंजी असली तरी माणूस आणि जागा खरी असेल तर पडद्यावर तेज येतं, याचा दाखला बेलापूरच्या पोराला लांब शोधायला नको.

आज काय बनतं आहे

सध्याच्या स्थानिक व्हिडिओ जाहिराती ढोबळमानानं चार प्रकारांत मोडतात. पहिला प्रकार ड्रोनचा : वरून दुकानाची इमारत, मग काचेचा दरवाजा, फिरती माळ, दणदणीत संगीत. दुसरा नटाचा : गाजलेल्या चित्रपटातला संवाद ओठांवर घेऊन सेल जाहीर करणारा. तिसरा खाऊगल्लीवाल्याचा : मिसळ, भेळ, शेव-भाजीचा पहिला घास आणि त्यावर मोठ्ठं कौतुक. चौथा, संख्येनं सर्वांत कमी : दुकानदार स्वतः काहीतरी दाखवतो आहे.

पहिल्या प्रकारात दुकान दिसतं, माल दिसत नाही. दुसऱ्यात नट लक्षात राहतो, दुकानाचं नाव राहत नाही. तिसऱ्यानं हॉटेलवर दोन रविवार गर्दी होते. पण सगळीकडेच 'एक नंबर चव' म्हटल्यावर त्या शिफारशीची किंमत उरत नाही. चौथा प्रकार सर्वांत स्वस्त, आणि माझ्या मते सर्वांत टिकाऊ.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातले ऱ्हेट आणि लिंक हे दोन मित्र छोट्या गावांतल्या दुकानांसाठी जाहिराती करत फिरले. 2011 मध्ये त्यावर 'कमर्शियल किंग्ज' नावाची टीव्ही मालिकाही झाली. त्यांची रीत ठरलेली : दुकानाचा मालक आणि कामगार हीच पात्रं, आणि त्या दुकानाची एखादी विलक्षण खासियत हेच कथानक. कॅलिफोर्नियातल्या ओहाय या छोट्या गावात मेलेल्या प्राण्यांत भुसा भरून ते जिवंत वाटतील असे करणाऱ्या चक टेस्टा यांची अशीच एक जाहिरात त्याच वर्षी जगभर पाहिली गेली. त्यात स्वतः टेस्टा होते आणि त्यांचं काम होतं. 2012 मध्ये डॉलर शेव्ह क्लब या अमेरिकी कंपनीनं सुमारे साडेचार हजार डॉलरमध्ये केलेल्या व्हिडिओतही संस्थापक स्वतःच बोलत होता.

उलट दिशेचा प्रयोग भारतात झाला. 2021 च्या दिवाळीत कॅडबरीनं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे शाहरुख खानच्या तोंडी गल्लीतल्या दुकानांची नावं घालता येतील अशी सोय केली. किराणा दुकानदाराला सुपरस्टार मिळाला. कल्पना सुंदर होती; पण ती कंपनीच्या पैशावर आणि परवानगीनं उभी होती. आज कोणी परवानगीवाचून एखाद्या नटाचा चेहरा किंवा आवाज बनवून दुकानासाठी वापरला, तर तो सरळ कायद्याच्या कचाट्यात सापडेल. यंत्रानं बनवलेला गोरापान निवेदक दाखवणाऱ्या जाहिरातीही आता येऊ लागल्या आहेत. त्या फुकटात पडतात. पण बेलापूरच्या बाईला बांगड्या कोणाकडून घ्यायच्या हे तो निवेदक सांगू शकत नाही. ज्या कासाराचा हात तिनं लहानपणापासून पाहिला आहे, तोच ते सांगू शकतो.

तीस सेकंदांचं एक उदाहरण

उदाहरण म्हणून शेती औजारांच्या दुरुस्तीचं एक वर्कशॉप धरू. हा उसाचा पट्टा आहे. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना आणि लोणीला 1950 च्या सुमारास उभा राहिलेला विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी कारखाना यांनी इथलं सगळं अर्थकारण घडवलं. लागवडीच्या दिवसांत रोटाव्हेटर बंद पडला तर शेतकऱ्याचा एक-एक दिवस मोलाचा. वर्कशॉपवाल्याचं वचन एकच : सकाळी टाका, संध्याकाळी न्या.

चित्र असं. पहिल्या तीन सेकंदांत बोलणं नाही. ट्रॉलीतून रोटाव्हेटर धाडकन जमिनीवर टेकल्याचा आवाज, आणि कोपऱ्यात वेळ : सकाळी 9.10. शेतकरी विचारतो, "मालक, कधी होईल?" मालक पात्यावरची माती बोटानं खरवडतो, वाकलेलं पातं दाखवतो, म्हणतो, "दिवस मावळायच्या आत." मग वेल्डिंगच्या ठिणग्या, हातोडा, ग्राइंडर, प्रत्येक दृश्य दोन सेकंदांचं, कोपऱ्यातली वेळ पुढे सरकते. शेवटी 5.40. औजार ट्रॅक्टरला जोडलं जातं, शेतकरी निघतो. मालक कॅमेऱ्याकडे बघून दुकानाचं नाव, रस्ता आणि एकच फोन नंबर सांगतो. बस.

इथं नट नाही, ड्रोन नाही, उसनं संगीत नाही. हातोड्याचा आवाज हेच संगीत. तीस सेकंदांत साधारण साठ-पासष्ट मराठी शब्द निवांत बोलता येतात; यात त्याच्या निम्मेही लागत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, जे दाखवलं ते पडताळता येतं. उद्या कोणी नऊ वाजता औजार टाकलं आणि सहाला मिळालं नाही, तर गाव विचारणार. म्हणूनच अशी जाहिरात करण्याआधी निर्मात्यानं दुकानदाराला विचारायला हवं : तुम्ही रोज न चुकता काय पाळता? जे उत्तर येईल तीच कल्पना. उत्तरच आलं नाही तर तिथं जाहिरातीची नव्हे, धंद्याची दुरुस्ती आधी.

पैसा कुठं घालावा

समजा हातात दहा हजार आहेत. बहुतेक जण ते सगळे चित्रीकरणावर घालतात आणि व्हिडिओ स्टेटसला लावून मोकळे होतात. माझ्या मते निम्मे पैसे दाखवण्यासाठी राखून ठेवावेत. न दाखवलेली जाहिरात म्हणजे गोदामात पडलेला माल.

उरलेल्या निम्म्यात पहिला मान आवाजाचा. चित्र थोडं डळमळलं तर लोक चालवून घेतात, पण बोलणं नीट ऐकू आलं नाही तर बोट पुढे सरकतं. पेठेत मोटारसायकली आणि ऊस हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ. त्यामुळे कॉलर माइक हवाच, आणि बोलण्याचा भाग दुकान उघडायच्या आधी घ्यावा. दुसरा मान उजेडाचा. आपल्या विजेची वारंवारता 50 हर्ट्‌झ असल्यानं ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही. पण व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यात शटर एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंदावर ठेवलं की हा दोष जातो. साड्यांचे, दागिन्यांचे खरे रंग हवे असतील तर माल दारापाशी आणून सकाळच्या उजेडात टिपावा.

तिसरी गोष्ट, अक्षरं. बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात. म्हणून बोललेलं वाक्य मोठ्या, ठळक देवनागरीत खाली हवं, आणि ते शुद्ध हवं. दुकानाच्या पाटीवर जी चूक मालक चालवून घेणार नाही ती व्हिडिओत का चालवावी? चौथी, चौकट. रील आणि स्टेटससाठी उभी. दुकानातल्या टीव्हीवर किंवा यूट्यूबवर लावायची असेल तर आडवीही वेगळी टिपावी. उभीच कापून आडवी केली की माणसाचं कपाळ जातं.

भाषेचंही तसंच. मालक जसा गिऱ्हाइकाशी बोलतो तसंच त्याला बोलू द्यावं. पाठ करायला कागद हातात दिला की जिवंत माणूस वाचक होतो. प्रश्न विचारावेत, तो उत्तर देईल, त्यातली दोन वाक्यं निवडावीत.

कोणत्या बेलापूरला दाखवावी

दाखवण्याच्या पैशांत बेलापूरची एक खास अडचण आहे. फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात लावताना ठिकाण म्हणून नुसतं 'बेलापूर' टाकलं तर नवी मुंबईचं बेलापूर पुढे येण्याची शक्यता मोठी. इथल्या नावाचा पसाराही कमी नाही : बेलापूर बुद्रुक आहे, बेलापूर खुर्द आहे, आणि श्रीरामपूरचं रेल्वे स्थानकही वर्षानुवर्षं बेलापूर याच नावानं ओळखलं गेलं. त्यामुळे नाव निवडण्याऐवजी नकाशावर आपल्या दुकानावर खूण करावी आणि भोवती किलोमीटरचं वर्तुळ आखावं. किराणा, दळण, सलून यांना पाच-सात किलोमीटर पुरतात. बस्ता, सोनं, ट्रॅक्टरची औजारं यांसाठी श्रीरामपूर, राहुरी, राहाता, नेवासा या बाजूंची गावं घ्यावीत.

व्ह्यूजचा आकडा हा इथला सर्वांत मोठा भुलावा आहे. लाखो जणांनी पाहिलेली रील कोल्हापूर, नागपूर, दुबईत पाहिली गेली असेल, तर बेलापूरच्या गल्ल्यात एक रुपयाही पडत नाही. आपल्या वर्तुळातल्या दोन हजार माणसांनी तीच जाहिरात महिन्यात चार वेळा पाहिली, तर मात्र फरक पडतो. तो मोजण्याची साधी रीत अशी : जाहिरातीत फक्त तिच्यासाठी ठेवलेला नंबर द्यावा, आणि नव्या गिऱ्हाइकाला "कुठं पाहिलंत?" हे विचारून वहीत लिहावं. महिनाभराची ती वही कोणत्याही आलेखापेक्षा खरं बोलते.

वेळही साधायला हवी. पोळ्याचा साज पोळ्याच्या आदल्या दिवशी दाखवून उपयोग नाही. लग्नसराईचा बस्ता, पाडवा आणि अक्षय्य तृतीयेची खरेदी, दिवाळी, उसाचं पेमेंट हातात येण्याचे दिवस, या सगळ्यांच्या तीन-चार आठवडे आधी चित्रीकरण उरकलं पाहिजे.

कायदा आणि सचोटी

या क्षेत्रात सर्वांत कमी बोललं जातं ते कायद्याबद्दल. गाजलेलं गाणं मागे लावणं ही सर्रास सवय आहे. ऐकायला रीलमध्ये गाणं मिळतं म्हणून धंद्याच्या जाहिरातीलाही ते चालतं असं नाही. व्यावसायिक वापराचा हक्क वेगळा घ्यावा लागतो. तुकोबांचा अभंग कोणाच्या मालकीचा नाही, पण त्याची नामवंत गायकानं गायलेली ध्वनिफीत प्रकाशनानंतर साठ वर्षं संरक्षित असते. गावातल्या भजनी मंडळाकडून, त्यांना मान आणि मानधन देऊन, नवं गाऊन घेणं हा सगळ्यांत देखणा मार्ग आहे.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि शिफारस करणाराही त्यातून सुटत नाही. एका फवारणीत उत्पन्न दुप्पट, सात दिवसांत मधुमेह बरा, अशी वाक्यं लिहिणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं. चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींविरुद्ध तर 1954 पासून कायदा आहे. पैसे घेऊन किंवा फुकट जेवून कौतुक केलं असेल तर ती जाहिरात आहे असं ठळक लिहावं, असा जाहिरात मानक परिषदेचा 2021 पासूनचा दंडक आहे. ज्या ठेव योजना नियमनाखाली नाहीत, त्यांची जाहिरात करणंही 2019 च्या कायद्यानं गुन्हा आहे. भरमसाट परताव्याचं आमिष दाखवणारी रील करण्यासाठी कोणी जास्त पैसे देऊ केले, तर ते काम नाकारणं हेच शहाणपण. त्या पैशांत बुडणारे लोक आपल्याच गल्लीतले असतात.

निर्मात्याचा धंदा

शेवटी, हे काम करणाऱ्या पोरांबद्दल. सध्या त्यांना बहुतेक ठिकाणी ओळखीवर, उधारीवर किंवा मालाच्या बदल्यात काम करावं लागतं. "अजून एकदा बदल करून दे" याला अंत नसतो. यावर उपाय कागदाचा आहे. एका पानावर लिहून घ्यावं : किती सेकंदांची जाहिरात, किती दुरुस्त्या, आगाऊ रक्कम किती, मूळ चित्रण कोणाच्या मालकीचं, दिसणाऱ्या कामगारांची आणि मुलांच्या पालकांची संमती घेतली का. दुकानदारानंही एका रीलवर निकाल मागू नये. त्याच निर्मात्याकडून, त्याच रंगात, त्याच आवाजात वर्षाला सहा जाहिराती करून घ्याव्यात. विकोनं दशकानुदशकं जे केलं तेच बेलापूरच्या भांडी दुकानानं वर्षभर करून बघावं.

बेलापूरच्या दुकानदारांना एकच विनंती आहे. यंदाच्या सणाला पोरगा रीलसाठी दारात आला, तर त्याला आधी चहा पाजा, मग गल्ल्यामागे बसवून दिवसभर तुमचा धंदा बघू द्या. जे त्याला तुमच्यात खरं दिसेल, तेच त्याला टिपू द्या, आणि त्याच्या कामाचे पैसे वेळेवर द्या.